आठवीतला अल्जिब्रा आणि अ तुकडी

"तुमच्याकडे म्हणे गणिताच्या वर्गावरून मतदान झालं?" असं आत्याने फोनवर विचारलं. हा लेख आधी तिच्यासाठी. आत्याने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तिला थापा मारून चालत नाही.

तर हो आत्या, झालं. मार्च २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतपत्रिकेवर एक प्रश्न होता: शाळांनी आठवीत अल्जिब्रा शिकवावा का? ठराव फक्त सल्ल्यापुरता, शाळांवर बंधन नाही. तरीही ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं. यावर आत्याचं उत्तर अपेक्षितच होतं: "आम्ही सातवीतच क्ष आणि य आणायचो. त्यात मतदान कसलं?"

त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यामागे साठ-पासष्ट वर्षांची भांडणं आहेत. आमची कन्या आता सहावीत आहे, त्यामुळे गेले काही महिने मी हा इतिहास वाचत बसले होते. नुसत्या कुतूहलापोटी नाही, हे उघडच आहे.

आधी इथली पद्धत सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दरवर्षी हातात हात घालून चालतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तसं नाही. एक वर्ष अल्जिब्रा वन, पुढचं वर्ष जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस. पाच पायऱ्यांचा जिना, वर्षाला एक पायरी. आता हायस्कूल नववी ते बारावी, म्हणजे चार वर्षांचं. बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचायचं असेल तर पहिली पायरी आठवीतच चढायला हवी. नाहीतर मध्ये कुठेतरी दोन पायऱ्या एकदम, किंवा सुट्टीत पैसे भरून जादा वर्ग. इंजिनियरिंगच्या चांगल्या कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी कॅल्क्युलसला वजन असतं. आणि आठवीत अल्जिब्रा हवा तर सहावी-सातवीत पुढच्या गणिताचा वर्ग मिळायला हवा. म्हणजे अकरा वर्षांच्या पोराला कुठल्या वर्गात बसवलं, त्यावर अठराव्या वर्षाचं बरंच काही ठरतं. सगळ्या भांडणाचं मूळ एवढंच आहे.

मुलांना असं वेगवेगळ्या वर्गांत बसवण्याला इथे ट्रॅकिंग म्हणतात. आपल्याला हा प्रकार काही नवा नाही. आपली अ तुकडी, ब तुकडी, आणि जिला सगळे मागून 'ढ तुकडी' म्हणायचे ती!

आता इतिहास.

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुतनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. आपली मुलं गणितात मागे पडली, असा गलका झाला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५८ मध्ये, आयसेनहॉवर यांनी नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्टवर सही केली. कायद्याच्या नावातच 'डिफेन्स' आहे, हे बघा. गणित, विज्ञान आणि परभाषांसाठी पैसा आला, आणि त्याबरोबर हुशार मुलं चाचण्या घेऊन शोधून काढण्यासाठीही पैसा आला. त्याच वर्षी एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली स्कूल मॅथेमॅटिक्स स्टडी ग्रुप सुरू झाला. त्यातून जे 'न्यू मॅथ' आलं, त्यात लहान मुलांना संच आणि वेगवेगळ्या पायांच्या संख्या शिकवायला लागले आणि आईबापांची भंबेरी उडाली.

१९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी अमेरिकन हायस्कूलवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं: गट पाडा, पण विषयवार पाडा. मुलगा गणितात पुढे आणि भाषेत मागे असू शकतो, तेव्हा त्याला सरसकट एका तुकडीत कोंबू नका. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हा दुसरा भाग हवेत विरला.

याचं सगळ्यात वाईट रूप राजधानी वॉशिंग्टनमध्ये दिसलं. तिथे १९५४ नंतर काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या, आणि १९५६ मध्ये कार्ल हॅन्सन यांनी हायस्कुलांत चार ट्रॅक सुरू केले. पुढे ते खालच्या वर्गांतही आले. लहानपणी एक चाचणी घ्यायची आणि तिच्यावरून मूल कुठल्या रांगेत ते ठरवायचं. एकदा खालच्या रांगेत गेलेलं मूल वर यायचं क्वचितच. जून १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी हॉब्सन विरुद्ध हॅन्सन या खटल्यात ही पद्धत बंद करायचा हुकूम दिला. त्यांचा मुद्दा असा होता की चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या मापाने बेतलेल्या आहेत. त्यामुळे त्या मुलाची कुवत मोजतच नाहीत, तर आजवर त्याला काय मिळालं ते मोजतात. बुद्धीच्या नावाखाली रंग आणि गरिबी यांच्याच रांगा लागल्या होत्या.

इथवर वाचून वाटेल की तुकड्या म्हणजे वाईटच, मोडून टाका. पण थांबा. याच गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि तीही तितकीच खरी आहे.

१९६८ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जो बेट्स नावाचा एक शाळकरी मुलगा कॉम्प्युटरच्या वर्गात येऊन बसला. शिकवणाऱ्यांना त्याला काय द्यावं कळेना, म्हणून त्याला मानसशास्त्राचे प्राध्यापक ज्युलियन स्टॅन्ली यांच्याकडे नेलं. स्टॅन्लींनी त्याला एसएटी द्यायला लावली, म्हणजे बारावीच्या आसपासची मुलं कॉलेजप्रवेशासाठी देतात ती परीक्षा. पोराने ती इतकी छान सोडवली की तेराव्या वर्षी तो विद्यापीठातच दाखल झाला. स्टॅन्लींना यातून एक साधी गोष्ट उमगली. आठवीची परीक्षा आठवीच्या सगळ्या हुशार मुलांना सारखीच सोपी जाते. छत बुटकं असेल तर कोण किती उंच ते कसं कळणार? वरच्या इयत्तेची परीक्षा द्या, मग फरक दिसतो. १९७१ मध्ये त्यांनी गणितात असामान्य असणाऱ्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि मार्च १९७२ मध्ये बाल्टिमोर भागातल्या १२ ते १४ वर्षांच्या सुमारे ४५० मुलांना परीक्षेला बसवलं. त्यातल्या काहींनी पुढे शनिवारच्या वर्गात वर्षभराचा अल्जिब्रा थोड्याच आठवड्यांत संपवला. असं मूल वर्षभर येत असलेलीच गणितं सोडवत बसलं तर त्याचं काय होत असेल? कंटाळा तर येतोच, पण मला वाटतं त्याहून वाईट म्हणजे अडल्यावर नेट लावायची सवयच लागत नाही.

याच अभ्यासातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेरा वर्षांच्या आत गणितात ७०० च्या वर गुण मिळवणाऱ्यांत साधारण तेरा मुलग्यांमागे एक मुलगी असायची. बऱ्याच जणांनी त्यावरून मुलींच्या मेंदूबद्दल निष्कर्ष काढले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तेच प्रमाण चारास एकच्या आसपास आलं. एवढ्यात मेंदू बदलत नसतात. मुलींना गणिताच्या वर्गात बसवायची रीत मात्र बदलली होती.

१९८० च्या दशकात वारं फिरलं. १९८५ मध्ये जेनी ओक्स यांचं 'कीपिंग ट्रॅक' आलं. त्यांनी २५ शाळांची माहिती तपासली आणि दाखवलं की खालच्या वर्गात नुसतं हळू शिकवत नाहीत, तर वेगळंच शिकवतात. वरच्या वर्गात विचार करायला लावणारे प्रश्न, खालच्या वर्गात गप्प बसून एकाच प्रकारची गणितं.

त्याआधी १९८२ मध्ये बॉब मोझेस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला होता. हे मोझेस म्हणजे १९६० च्या दशकात मिसिसिपीत जिवावर उदार होऊन काळ्या लोकांची मतदारनोंदणी करणारे कार्यकर्ते. त्यांची मुलगी आठवीत आली आणि तिच्या शाळेत अल्जिब्रा नव्हता. मग बापच वर्गात जाऊन शिकवायला लागला. एकट्या तिलाच नाही, इतर मुलांनाही. त्यांचं म्हणणं होतं की साठच्या दशकात मतदानाचा हक्क जसा होता, तसा आता अल्जिब्रा आहे. तो नसेल तर माणूस कामधंद्याच्या जगाबाहेर राहतो. म्हणजे आत्या, इथे अल्जिब्रा हा नुसता क्ष आणि य नाही, नागरी हक्काचा प्रश्न आहे. मतदानापर्यंत गोष्ट का गेली ते आता थोडं लक्षात येईल.

मग पुढचं पाऊल कोणालाही सुचेल असं होतं. अल्जिब्रा एवढा मोलाचा आहे ना, मग सगळ्यांनाच द्या! कॅलिफोर्नियाने डिसेंबर १९९७ मध्ये गणिताचे नवे मानदंड केले आणि आठवीचं गणित म्हणजे अल्जिब्रा वन, असंच त्यात धरलं. जुलै २००८ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने आणखी पुढे जाऊन ठरवलं की तीन वर्षांत आठवीच्या झाडून सगळ्या मुलांची अल्जिब्राची परीक्षा घ्यायची. गव्हर्नर श्वार्झनेगर याच्या बाजूने होते, तर राज्याचे शिक्षणप्रमुख जॅक ओकॉनेल विरोधात. शाळा मंडळांची संघटना कोर्टात गेली आणि न्यायाधीशांनी त्याच वर्षी हा निर्णय रोखला.

त्याच साली ब्रुकिंग्ज संस्थेच्या टॉम लव्हलेस यांचा एक अहवाल आला. देशभरात आठवीतली जी मुलं गणितात सगळ्यात मागे होती, शेवटच्या दहा टक्क्यांतली, त्यांच्यापैकी २००० साली ८ टक्के मुलं अल्जिब्रा किंवा त्यापुढच्या वर्गात बसलेली होती. २००५ मध्ये तीच संख्या २८ टक्क्यांच्या वर गेली. सुमारे १,२०,००० मुलं. अपूर्णांकांची बेरीज न जमणारी मुलं समीकरणांसमोर बसवलेली. दार उघडलं खरं, पण जिना बांधायचा राहूनच गेला. याची झळ दोन्हीकडे लागते. मागे असलेलं मूल बुडतं, आणि त्याला सांभाळायला शिक्षक थांबला की पुढचं मूल ताटकळतं.

२०१० मध्ये कॉमन कोअर मानदंड आले. त्यांत आठवीच्या गणितात सरळ रेषा, समीकरणं, फलन असं बरंच काही आहे, पण अल्जिब्रा वनचा पूर्ण कोर्स नववीत धरला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये ठरवलं की यापुढे आठवीपर्यंत सगळ्यांना एकच गणित आणि अल्जिब्रा सगळ्यांना नववीत. पुढची तुकडीच बंद. हेतू चांगलाच होता. लहान वयात पडणाऱ्या भिंती पाडायच्या होत्या.

झालं काय? डिस्ट्रिक्टने सांगितलं की अल्जिब्रात अडकून तो पुन्हा घ्यावा लागणाऱ्यांचं प्रमाण खूप घटलं. टीकाकारांनी दाखवलं की त्याच सुमारास पुढे जाण्यासाठी लागणारी परीक्षाच काढून टाकली होती. ज्यांना परवडलं त्यांनी उन्हाळ्यात किंवा ऑनलाइन पैसे भरून मुलांचा अल्जिब्रा करून घेतला. बाकीच्यांसाठी अकरावीत दोन पायऱ्या एकदम चढायचा कोर्स ठेवला होता. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला. प्रगत गणित घेणाऱ्यांची संख्या आधी घसरली आणि मग बरीचशी सावरली, पण काळ्या, लॅटिनो आणि इतर मुलांमधली दरी होती तशीच राहिली. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तीच जागची हलली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा मंडळानेच आठवीतला अल्जिब्रा परत आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये ते मतदान झालं.

एवढं सगळं वाचल्यावर मला वाटायला लागलं की 'आठवीत की नववीत' हा प्रश्नच दुय्यम आहे. खरा प्रश्न आहे तो निवडतो कोण, हा.

आमच्या शाळेत चौथीच्या स्कॉलरशिपला कोणी बसायचं ते बाई ठरवायच्या. निवडलेल्या मुलांना शाळेआधी एक तास जादा. माझ्या बाकावरची एक मुलगी तोंडी हिशेबात माझ्यापेक्षा तडफदार होती. सुट्टे पैसे, शेकडा, काहीही विचारा. तिच्या आईची मंडईत भाजीची गाडी होती आणि सकाळी ती आईबरोबर असायची. तिला कोणी विचारलंच नाही. कोणाच्या मनात काही वाईट होतं असं नाही, पण हुशार मूल म्हणजे कसं दिसतं याचं एक चित्र सगळ्यांच्या डोक्यात होतं, आणि ती त्या चित्रात बसत नव्हती.

नेमकं हेच फ्लोरिडाच्या ब्रॉवर्ड काउंटीत मोजून दाखवता आलं. तिथे 'गिफ्टेड' मुलांची निवड शिक्षकांच्या आणि पालकांच्या शिफारशीने व्हायची. २००५-०६ पासून त्यांनी दुसरीच्या सगळ्याच मुलांना चाळणी परीक्षा द्यायला लावली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी २०१६ मध्ये याचे निकाल छापले: गिफ्टेड ठरणाऱ्या लॅटिनो मुलांचं प्रमाण १३० टक्क्यांनी आणि काळ्या मुलांचं ८० टक्क्यांनी वाढलं. बुद्ध्यंकाची अट सैल केली नव्हती. ही मुलं आधीपासून तिथेच होती, फक्त त्यांचं नाव कोणी पुढे केलं नव्हतं. पुढे पैशांच्या कपातीत ही सरसकट चाळणी बंद पडली आणि फरक पुन्हा पूर्वीसारखा झाला.

नॉर्थ कॅरोलायनात २०१७ मध्ये वर्तमानपत्रांनी असंच शोधून काढलं. सारखेच वरचे गुण असूनही गरिबाघरची मुलं पुढच्या वर्गांत कमी दिसत होती. २०१८ मध्ये तिथे कायदा झाला की गणितात सर्वोच्च पातळी गाठणाऱ्या मुलाला पुढचा वर्ग मिळालाच पाहिजे. टेक्सासने २०२३ मध्ये याहून मोठं पाऊल टाकलं. पाचवीच्या परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल सहावीत आपोआप पुढच्या गणितात जातं. नको असेल तर पालकांनी तसं लिहून द्यायचं. म्हणजे फॉर्म आत येण्यासाठी नाही, बाहेर पडण्यासाठी भरायचा! गंमत म्हणजे या कायद्याने कुठलीही तुकडी मोडली नाही. तुकडीचा दरवाजा कोणी उघडायचा, एवढंच बदललं.

कॅलिफोर्नियातही २०१५ मध्ये नववीच्या गणिताच्या वर्गवारीसाठी असा एक कायदा झाला, कारण आठवीत अल्जिब्रा चांगला पास झालेल्या मुलांना नववीत पुन्हा तोच घ्यायला लावल्याचं उघड झालं होतं. त्यांत काळी आणि लॅटिनो मुलं जास्त होती. पण मिडल स्कूलमध्ये काय करायचं ते अजून ज्या त्या डिस्ट्रिक्टच्या हातात आहे.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये सहावीच्या शेवटी पुढच्या गणितासाठी परीक्षा असते, पण तिला बसायचं तर पालकांनी फॉर्म भरावा लागतो. मी तो भरला. मुलीला गणित आवडतं, तिला ते मिळावं असं मला मनापासून वाटतं, आणि 'सगळे सारखे' म्हणून तिला थांबवून ठेवण्यात कोणाचं भलं आहे असं मला वाटत नाही. पण फॉर्म कधी येतो, कुठे असतो, न भरल्यास काय होतं, हे मला चार ओळखीच्या मराठी आणि तेलुगू आयांकडून कळलं. शाळेच्या पत्रात ते तिसऱ्या पानावर होतं, फक्त इंग्रजीत. मुलीच्या वर्गात निम्म्या घरांत तरी स्पॅनिश बोलतात.

म्हणून पुढच्या महिन्यात डिस्ट्रिक्टच्या बैठकीत मी तीन मिनिटं बोलायला नाव दिलं आहे. मागणी साधी आहे: फॉर्म काढून टाका, सहावीच्या सगळ्या मुलांची परीक्षा शाळेच्या वेळेत घ्या, आणि जी पास होतील त्यांना पुढच्या वर्गात घाला. सातवीत आणि आठवीतही आत यायला वाट ठेवा, कारण काही मुलांना उशिरा उमगतं. आणि ज्यांचे अपूर्णांक कच्चे आहेत त्यांना आठवड्याचे दोन तास जास्त द्या, नाहीतर २००८ चीच गोष्ट पुन्हा व्हायची. इतिहासात धडपडून झालं आहे, त्याच खड्ड्यात पुन्हा कशाला पडायचं?

वर्गात मुलं वाढली तर माझ्या मुलीची जागा जाईल का, असं एका मैत्रिणीने विचारलं. जाईल कदाचित, जागा तीसच असतील तर. मग एकतिसाव्यासाठी दुसरा वर्ग मागायचा. तेही त्या तीन मिनिटांत बसवायचं आहे.

आत्या, भाषण लिहून झालं की तुला पाठवते. वेळ लावून वाच आणि तीन मिनिटांच्या वर जात असेल तर काट.